मुंबईच्या डिपार्टमेंटनं केलं तरी काय?

या प्रश्नाचे दोन अवतार आहेत. सभ्य अवतार असा: "तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. का? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्रयत्न नव्हता केला?" दुसरा अवतार विचारणारा जेवून निवांत बसलेला असला की येतो: "दिल्लीकडे अमर्त्य सेन होते, भगवती होते, मनमोहन सिंग होते. तुमच्या मुंबईच्या इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटनं नेमकं केलं तरी काय?" सेमिनारच्या चहाला, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाकडून, लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडायची वाट बघताना, कुठेही. अलीकडे तर सख्ख्या भाचीनं विचारलं. तिला एम.ए. करायचंय, त्यामुळे तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. आणि टोमणा नव्हता म्हणूनच माझी पंचाईत झाली. टोमण्यांची उत्तरं माझ्याकडे पाठ आहेत. खऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून, एकदाच काय ते लिहिते.

आधी पाठ असलेलं म्हणून टाकते, नाहीतर घशात अडकून राहील. सेन दिल्ली स्कूलला शिकवत होते, १९६३ ते १९७१. शिकले कोलकात्याला आणि केंब्रिजला. जगदीश भगवती मुंबईचेच, सिडनहॅम कॉलेजचे. आणि १९४९ साली ज्यांनी दिल्ली स्कूल काढलं ते व्ही. के. आर. व्ही. राव, ते विल्सन कॉलेजात शिकले आणि एम.ए. झाले मुंबई विद्यापीठातूनच. झालं? बरं वाटलं? मला आता वाटत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा फेकलंय की त्यात काही अर्थ उरलेला नाही. मूळ घर आमचं होतं असं सांगत फिरणाऱ्या माणसाचं सध्याचं घर कसं आहे ते लोकांना न विचारता कळतं.

विभागाचा इतिहास तुम्हाला माहीत असतो. किंबहुना "वारसा एवढा मोठा, पण" अशीच तुमची सुरुवात असते. १९१९ साली विद्यापीठानं अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचं एकत्र स्कूल काढलं. समाजशास्त्राला पॅट्रिक गेडिससारखा नगररचनेचा माणूस आला, त्यांच्यामागून १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये आले, आणि घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे एम.ए. झाल्या. अर्थशास्त्राकडे के. टी. शहा, मग चंदुलाल नगीनदास वकील. वकील १९३० ते १९५६ संचालक होते. त्यांच्यानंतरच्या नावांत दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद. मी १९८२ साली कलिन्याला पाऊल टाकलं तेव्हा ब्रह्मानंद संचालक होते. डोंबिवलीहून कुर्ला, कुर्ल्याहून बस. वर्गात गुजराती, दाक्षिणात्य, मराठी अशी सरमिसळ होती आणि आम्हा मराठी माध्यमवाल्या मुलींची इंग्रजीत प्रश्न विचारायची हिंमत पहिल्या सत्रात तरी नव्हती. ते असो.

या यादीत एक गोष्ट सांगायची राहते, आणि मला वाटतं सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. ही हरलेल्या लोकांची यादी आहे.

के. टी. शहांचंच बघा. १९३८ साली काँग्रेसनं नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली तेव्हा तिचे सचिव शहा होते. पुढे घटना समितीत गेले आणि १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांनी दुरुस्ती मांडली, की भारताचं वर्णन 'सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट' असं करा. फेटाळली गेली. १९५२ साली राजेंद्रप्रसादांच्या विरोधात राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. पडले. यातले दोन शब्द १९७६ साली घटनेच्या सरनाम्यात आले ते आणीबाणीत, आणि तेव्हा शहांची आठवण कुणी काढली असेल तर मला ते वाचायला मिळालेलं नाही.

दुसरी हार मोठी. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीसांनी आखला: पोलाद, अवजड यंत्रं, यंत्रं बनवणारी यंत्रं. भिलाई, रुरकेला, दुर्गापूर. त्याच १९५६ साली मुंबईहून वकील आणि जेमतेम तिशीचे ब्रह्मानंद यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं आणि म्हटलं, गाडी उलटी जुंपताय. त्यांचं म्हणणं मी आयुष्यभर बी.ए.च्या मुलांना असं सांगत आले: शेतात पाच माणसांचं काम आठ माणसं करतायत. तीन उचलून धरणाच्या कामावर नेली तर पीक घटणार नाही, हे तेव्हा बरेच अर्थशास्त्रज्ञ मान्य करत होते. पण ती तीन माणसं धरणावर खाणार काय? तुम्ही म्हणाल, घरी खात होती तेच. तसं होत नाही. घरी उरलेली पाच माणसं इतकी वर्षं अर्धपोटी होती, ती आता जरा पोटभर जेवतात, आणि तिघांच्या वाट्याचं धान्य गावाबाहेर निघतच नाही. शिवाय मातीची पाटी वाहणाऱ्याला भूकही जास्त लागते. म्हणजे बेकार हातांना कामाला लावायला देशाकडे सगळ्यात आधी काय हवं? ज्वारी, तांदूळ, कापड, तेल, मीठ. पुस्तकात याला वेतनवस्तू म्हणतात. ज्या देशाकडे त्या पुरेशा नाहीत तिथे पोलादाच्या भट्टीवर ओतलेला पैसा पगार बनून बाजारात येतो, बाजारात धान्य तेवढंच असतं, आणि भाव चढतात.

दिल्लीनं हे ऐकलं नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्येच अमेरिकेशी पीएल-४८० चा, म्हणजे रुपयांत पैसे देऊन अमेरिकी धान्य आणायचा, करार झाला. पुढच्याच वर्षी परकीय चलनाची तंगी आली. १९६५-६६ चा दुष्काळ पडला आणि १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. आमच्या विभागात ही तारखांची माळ जपासारखी ओढली जायची आणि प्रत्येक मण्याला "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असा सूर असायचा. तो सूर माझ्याही आवाजात बरीच वर्षं होता.

मग पुण्याला एका उजळणी वर्गात एका प्राध्यापकांनी मला शांतपणे विचारलं: "मॅडम, वेतनवस्तू आधी वाढवा हे ठीक. पण हरितक्रांती झाली ती कशावर? युरियावर, पंपावर, विजेवर, पाइपांवर. हे सगळं पोलादाशिवाय, अवजड रसायनांशिवाय होणार होतं का?" मी उत्तर दिलं. चांगलं लांबलचक दिलं. घरी येताना गाडीत माझं मलाच ते पटलं नव्हतं. तरीही आजही कुणी विचारलं तर मी सांगेन की १९५६ च्या वादात मुंबईची बाजू जास्त बरोबर होती. शंभर टक्के नाही. पण माणूस खाणार काय हा प्रश्न समीकरणाच्या मध्यभागी ठेवणं आणि तळटीपेत ढकलणं, यात फरक आहे, आणि तो फरक पुढच्या वीस वर्षांत रेशनच्या रांगेत दिसला.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं ते.

१९७४. मी सातवीत. आदल्या दोन वर्षांच्या दुष्काळानं महाराष्ट्राचं कंबरडं मोडलेलं. रेशनवर तांबडा मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि आई रोज तिला नवी शिवी शोधायची. शेजारच्या दोघीतिघींबरोबर आई एकदा महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चालाही गेली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर हाकेसरशी बायका रस्त्यावर आणत होत्या. घरी आल्यावर लाटणं धुऊन पुन्हा पोळ्या लाटल्या. त्या वर्षी देशातली महागाई २० टक्क्यांच्या वर गेली होती. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. माझे वडील, आप्पा, फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. संपाच्या दिवसांत कामावर कसे पोचले याच्या गोष्टी ते पुढे वर्षानुवर्षं सांगायचे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वकील आणि ब्रह्मानंद यांच्या पुढाकारानं शंभराहून जास्त अर्थशास्त्रज्ञांनी सह्या केलेलं एक निवेदन पंतप्रधानांकडे गेलं. त्या योजनेला नाव दिलं होतं 'सेमिबॉम्बला'. (हे नाव ऐकून हसला नाही असा विद्यार्थी मला भेटलेला नाही.) मतितार्थ असा: चलनवाढ हा पैशाचा आजार आहे, सरकारनं तुटीचा अर्थभरणा, म्हणजे तूट भागवायला नोटा छापणं, आवरावं, आणि लोकांकडे साचलेली रोकड आणि ठेवी यांचा काही भाग काही काळ गोठवावा, म्हणजे वस्तूंच्या मागे धावणारा पैसा कमी होईल.

जुलैत इंदिरा गांधींच्या सरकारनं वटहुकूम काढले. पगारवाढ झाली तर ती सगळी, आणि महागाई भत्त्यात (डीएमध्ये) वाढ झाली तर तिचा अर्धा भाग, हातात न देता सक्तीच्या ठेवीत. नंतर हप्त्याहप्त्यानं, व्याजासकट परत. कंपन्यांच्या लाभांशावरही मर्यादा आली. जास्त उत्पन्नाच्या करदात्यांना वेगळी सक्तीची ठेव. लोकांच्या घरातल्या नोटांना मात्र कुणी हात लावला नाही.

हे सगळं सातवीतल्या मला कळत नव्हतं. मला कळत होतं ते एवढंच की आप्पांचा डीए वाढला म्हणून आई खूश झाली आणि पगाराच्या दिवशी गप्प झाली. दादाला त्या वर्षी डिप्लोमाला घालायचा विचार होता, तो राहिला. दादाचे मार्कही बेताचेच होते, हे इथे सांगितलं पाहिजे; आप्पांनी हे दोन कधी एकमेकांना जोडले नाहीत. आई जोडायची.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला चलनविषयक अर्थशास्त्राचा निबंध होता. कलिन्याच्या ग्रंथालयातून मी त्या योजनेबद्दलचं पुस्तक घरी आणलं. जेवायच्या आधी पुढच्या खोलीत वाचत बसले होते. आप्पा पेपर वाचून झाला की माझ्या अभ्यासाची पुस्तकं चाळायचे. मॅट्रिकला त्यांचं इंग्रजी चांगलं होतं आणि कचेरीत आयुष्यभर परिपत्रकं वाचून ते आणखी चांगलं झालं होतं. त्यांनी दोनचार पानं वाचली. चष्मा काढला.

"हे तुमच्या डिपार्टमेंटचे लोक?"

"हो. वकील म्हणजे आमचे जुने संचालक. ब्रह्मानंद तर आत्ताचे."

"तारीख काय निवेदनाची?"

"फेब्रुवारी '७४."

"आणि वटहुकूम जुलैचा." त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच महिने लागले म्हणायचे सरकारला वाचायला."

मला वाटलं गंमत करतायत. मी उत्साहानं समजावून सांगायला लागले. पैशाचा पुरवठा, वस्तूंचा पुरवठा, भत्ता वाढला की मागणी वाढते, मागणी वाढली की भाव वाढतात, भाव वाढले की पुन्हा भत्ता. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. परीक्षेत दहापैकी आठ मिळाले असते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्वारी माझ्या डीएमुळे कमी झाली होती?"

"नाही. दुष्काळानं."

"तेल गायब झालं ते माझ्यामुळे?"

"नाही, पण आप्पा, तुमच्या हातात आणखी रुपये दिले असते म्हणून ज्वारी काही वाढली नसती. तेवढीच ज्वारी, भाव आणखी."

"माझ्या हातात दिले नाहीत. मग माझ्या वाटणीची ज्वारी कुणी खाल्ली?"

मी म्हटलं, तुमची वाटणी गेली नाही, भाव जेवढे वाढले असते त्यापेक्षा कमी वाढले. ते म्हणाले, हे तू मला दाखव. मी म्हटलं, १९७५-७६ साली घाऊक भाव वाढायच्या ऐवजी उतरले, सरकारचे आकडे आहेत. ते म्हणाले, "त्या साली पाऊस बरा झाला. आणि आणीबाणीत साठेबाज आत घातले. तुझे सर तेव्हा पाऊस पाडत होते का?"

आई आतून म्हणाली, पानं घेतलीयत.

कुणीच उठलं नाही. मी चिडले होते. मी म्हटलं, हे लोक तुमच्या विरोधात नाहीत. हेच लोक १९५६ पासून सांगतायत की कामगाराच्या पोटाचं आधी बघा, धान्य आधी वाढवा, सरकारनं ऐकलं नाही म्हणून ही वेळ आली. आप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग जे बोलले ते मी अजूनही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही: "तेव्हाचं ऐकलं नाही, कारण ते ऐकायला सरकारला कष्ट पडले असते. हे अर्धं ऐकलं, कारण हे सोपं होतं. ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे त्याचेच पैसे सापडतात. बाकीच्यांचे शोधावे लागतात."

माझं उत्तर तयार होतं: निवेदनात तर रोख रकमा आणि ठेवी सगळ्यांच्याच गोठवायला सांगितल्या होत्या, सरकारनं सोयीचं तेवढं उचललं, याला डिपार्टमेंट काय करणार? मी ते म्हटलंही. आणि आप्पा म्हणाले, "मग पुढच्या वेळी सोयीचा भाग लिहू नका." आणि उठून पानावर बसले. आम्ही आमटी-भात जेवलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, म्हणजे मी बोलायला गेले की ते विषय बदलायचे.

माझा निबंध मी मला हवा तसाच लिहिला. गोठवणं आवश्यक होतं पण अपुरं होतं, असा निष्कर्ष. बावीस वर्षांच्या मला त्या वाक्याचा अभिमान होता. आजची मी त्या मुलीला विचारते, अपुरं कुणासाठी? ती मुलगी मला विचारते, मग तुझं म्हणणं काय, पैसा वाटत राहायचा आणि भाव तीस टक्क्यांवर जाऊ द्यायचे? ज्यांच्याकडे डीएसुद्धा नव्हता, शेतमजूर, मोलकरणी, त्यांचं काय झालं असतं? ती चूक नाही. मीही नाही. हा वाद माझ्या डोक्यात इतकी वर्षं चालू आहे आणि त्यात कुणी पंच नाही.

आणखी एक. त्या निवेदनामुळेच ते वटहुकूम निघाले, असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येत नाही, आणि दिल्लीत सल्ला देणारे पुष्कळ होते. आप्पांनी मात्र दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या आणि ठरवून टाकलं. तुम्ही विचारता प्रभाव काय, प्रभाव काय. प्रभाव हा शब्द असा घरात जेवायच्या वेळी येऊन बसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दिल्ली स्कूलच्या एखाद्या निबंधावरून कुणाच्या घरी पानं थंड झाली असतील तर मला सांगा.

बरं, आता परत बचावाच्या पवित्र्यात जाते, कारण वरचं वाचून "म्हणजे तुमच्या लोकांनी कामगारांचे पगार कापले" एवढंच घेऊन जाणारे आहेतच.

एम. एल. दांतवाला. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेला (धनिकानं आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी) कायद्याच्या जवळ जाणारं रूप देणारा छोटा मसुदा त्यांनी केला होता, गांधीजींनी तो दुरुस्त केला होता. हाच माणूस १९६५ साली नव्यानं स्थापन झालेल्या कृषी मूल्य आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला. आज लातूरच्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं म्हणून शेतकरी ओरडतो, ते ओरडणं ज्या यंत्रणेच्या नावानं आहे तिची पहिली वर्षं या माणसाच्या हातात होती. यात अभिमान बाळगायचा की शरमायचं, ते तुम्ही सोयाबीन पिकवता की विकत घेता यावर आहे.

डी. टी. लकडावाला. जनता सरकारच्या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. पुढे दारिद्र्यरेषेवरच्या तज्ज्ञ गटाचे प्रमुख; १९९३ च्या त्या अहवालानं प्रत्येक राज्याची रेषा वेगळी काढायला सांगितली, कारण बिहारमधल्या गरिबाचा खर्च आणि महाराष्ट्रातल्या गरिबाचा खर्च एका आकड्यात बसत नाही. ही पद्धत तेंडुलकर समितीपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, सरकारी हिशेबाचा आधार होती. (सुरेश तेंडुलकर मराठी, पण दिल्ली स्कूलचे. घ्या, ही एक तुम्हाला.) देशात गरीब कोण, किती, हे ज्या रेषेनं ठरायचं ती या मुंबईच्या प्राध्यापकाच्या नावानं ओळखली जायची, आणि तुम्ही विचारता केलं काय.

मग नाव का नाही? माझी दोन कारणं आहेत, दोन्ही अर्धवट. पहिलं, नियोजन मंडळ दिल्लीत होतं. सल्ला द्यायला रोज जाणारा माणूस आणि निवेदन पाठवणारा माणूस यांच्यात जो फरक पडतो तो पडला. मुंबईकडे रिझर्व्ह बँक होती, गिरण्या होत्या, शेअरबाजार होता; इथल्या अर्थशास्त्राला पैसा, भाव, व्याजदर यांची सवय लागली आणि १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत ते विषय दिल्लीला दुय्यम वाटत होते. दुसरं, गणित. साठनंतर जगभर हा विषय गणितात गेला. ब्रह्मानंदांची शाळा रिकार्डोपासून, जुन्या अभिजात अर्थशास्त्रापासून विचार करायची. चर्चा भरपूर, वाचन अफाट, समीकरणं कमी. मला ते आवडायचं. पण इथून परदेशी अर्ज करताना माझ्या वर्गातल्या हुशार मुलांना त्याची किंमत मोजावी लागली, हेही मी पाहिलं. १९८७ साली रिझर्व्ह बँकेनं गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था काढली आणि गणित येणारे तिकडे जायला लागले. आज कलिन्याच्या विभागाचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी असं आहे, अभ्यासक्रम बदललाय, गणित आलंय. माझ्या काळातलं वाचन कितपत राहिलंय ते तिथल्या आजच्या मुलांना विचारा.

मराठीपुरतं बोलायचं तर या विभागाचा प्रभाव सगळ्यात कमी मोजला गेलाय तो आमच्यासारख्यांच्यात. इथून एम.ए. होऊन पालघरला, महाडला, कणकवलीला, उल्हासनगरला तीस-तीस वर्षं बी.ए.ला शिकवणारे. नोट्स काढणारे. 'प्रच्छन्न बेरोजगारी' फळ्यावर लिहून पाच आणि आठ माणसांचं उदाहरण देणारे. १९५६ चा वाद दिल्लीत हरला आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या वर्गांत पुढे दोन पिढ्या चालू राहिला, कारण शिकवणाऱ्यांना तो त्यांच्या सरांकडून मिळाला होता. यावर कुणी प्रबंध लिहिणार नाही. मीही लिहिला नाही, माझी पीएच.डी. सहकारी बँकांवर आहे.

वर्गात १९७४ शिकवायची वेळ आली की मी दोन्ही बाजू सांगायचे. आप्पांचा प्रश्न आप्पांचं नाव न घेता विचारायचे: तेवढी ज्वारी कुणी खाल्ली? एखादा मुलगा हमखास म्हणायचा, व्यापाऱ्यानं. एखादी म्हणायची, उंदरांनी. एकदा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ज्याच्याकडे काळा पैसा होता त्यानं, कारण तो गोठला नाही. त्याला मी पैकीच्या पैकी दिले आणि मग घरी येऊन हिशेब केला की हे उत्तर तरी पुरं आहे का. काळा पैसावाला माणूस ज्वारी खाऊन खाऊन किती खाईल? तो ती साठवेल. मग साठेबाजी हा पैशाचा प्रश्न की पोलिसांचा? इथपर्यंत आले की मला ब्रह्मानंद बरोबर वाटायला लागतात, आणि अर्ध्या तासानं आप्पा.

सक्तीच्या ठेवीचे पैसे आप्पांना परत मिळाले, व्याजासकट. नोटांना हात न लावणाऱ्या सरकारनं कारकुनाचा शब्द पाळला, हे नोंदवलं पाहिजे. महागाई वजा करून हातात खरं किती आलं याचा तक्ता मी एकदा मांडायला घेतला होता. १९७४ च्या कुठल्या महिन्याचा निर्देशांक धरायचा यावर सगळं उत्तर फिरतं: वटहुकुमाचा महिना धरला तर आप्पा फारसे बुडाले नाहीत, कारण भाव तेव्हा शिगेला पोचलेले होते आणि पुढे उतरले, आदल्या वर्षापासून मोजलं तर चांगलेच बुडाले. मी दोन्ही रकाने तसेच ठेवलेत.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मध्ये बहुतेक फोन स्पीकरवर टाकून काहीतरी दुसरं करत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, ते सगळं ठीक आहे. पण फॉर्म भरू की नको?"

भर, म्हटलं. दिल्लीचाही भर. आणि कुठेही गेलीस तरी गणिताचा पेपर सोडू नकोस.